स्टेपनी गेली, खिळे राहिले

२९ डिसेंबर २०२४ च्या रात्री दहाच्या सुमारास समृद्धी महामार्गावर वाशिम जिल्ह्यात एक लोखंडी फलक रस्त्यावर पडला. मालेगाव आणि वनोजा टोलनाक्याच्या दरम्यान त्यावरून गेलेल्या पन्नासहून अधिक गाड्या पंक्चर झाल्याच्या बातम्या आल्या. मोटारी, मालट्रक सगळे एकाच ओळीत उभे राहिले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ याच रस्त्यावर मध्यरात्री पुन्हा काही गाड्यांचे टायर बसले. तिथं काँक्रीटच्या भेगा बुजवण्यासाठी बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या रस्त्यातून वर आलेल्या होत्या.

अहिल्यानगर जिल्ह्याला हा महामार्ग घरचाच. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि कोपरगाव-राहात्याच्या माणसाला विदर्भ जवळ आला. मोटारींना इथं ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. नेमक्या याच काळात नव्या गाड्यांच्या डिकीतून स्टेपनी नाहीशी होऊ लागली.

त्यामागे एक सरकारी नियम आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर जादा चाक देण्याची सक्ती राहिली नाही. जागा वाचेल आणि विजेवरच्या गाड्यांना मोठी बॅटरी बसवता येईल, असं कारण तेव्हा देण्यात आलं. एमजी कॉमेट, टाटा टियागो ईव्ही, किया ईव्ही ६ अशा गाड्या स्टेपनीशिवाय येतात. 

आता हे किट म्हणजे काय, ते पाहू. एका बाटलीत चिकट द्रव असतो आणि सोबत गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप. टायरमध्ये घुसलेला खिळा उपटायचा नाही. तोच भोकाला बूच घालून बसलेला असतो. बाटली व्हॉल्व्हला जोडून द्रव आत सोडायचा, मग दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीत लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरायची आणि लगेच गाडी हलवायची. चाक फिरू लागलं की द्रव आतून पसरतो आणि भोकात जाऊन घट्ट होतो. पाच-दहा किलोमीटरवर थांबून दाब पुन्हा पाहायचा. टिकला असेल तर ताशी ८० च्या आत राहून थेट टायरचं दुकान गाठायचं. पंप दहा-एक मिनिटं चालूनही हवा टिकत नसेल, तर भोक किटच्या आवाक्याबाहेरचं आहे. तशी गाडी रेटली तर टायर आतून चिरडतो आणि रिमही वाकते.

किटची ही मर्यादा नगरकरांनी नीट समजून घ्यायला हवी. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात चार ते सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल, तरच ते बुजतं. बाजूची भिंत कापली गेली असेल तर बाटलीभर द्रवाचा उपयोग शून्य. जिल्ह्यात दोन्ही प्रकारांना वाव आहे. गळीत हंगामात प्रवरानगर, संगमनेर, राहुरीच्या वाटांवर उसाच्या बैलगाड्या सुरू झाल्या, की बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे खिळे रस्त्यावर पडतात. ते काम किटचं. पण नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्याची धारदार कड वेगात लागली, तर टायरची बाजू फुगते किंवा फाटते. तिथं पूर्वी जॅक आणि पाना काढून वीस मिनिटांत स्टेपनी चढवता येत असे; आता क्रेन बोलवावी लागते. अर्थात वाशिमसारख्या प्रसंगात दोन चाकं एकदम गेली, तर एका स्टेपनीनंही भागत नाही.

म्हणून नियमातला दुसरा भाग, दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा, किटहून मोलाचा आहे. बारीक खिळ्यानं ट्यूबलेस टायरची हवा सावकाश जाते. डॅशबोर्डवरचा दिवा लागताच थांबलं तर टायर वाचतो. बरेच जण त्या दिव्याकडे दुर्लक्ष करून पुढचं गाव गाठू पाहतात आणि रिमवर गाडी चालवून टायरचा चुराडा करतात. काही गाड्यांत प्रत्येक चाकात स्वतंत्र सेन्सर असतो. काहींत एबीएसच्या साहाय्यानं चाकाच्या फिरण्यातल्या फरकावरून अंदाज बांधला जातो. दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यावर यंत्रणा नव्यानं सेट करावी लागते.

पंक्चरवाल्यालाही या बदलाची कल्पना द्यावी लागते. टायरमध्ये द्रव सोडला आहे, हे टायर उघडण्यापूर्वीच सांगितलं, तर तो आतून धुऊन घेतो आणि सेन्सर जपतो. शिवाय, किटमधल्या द्रवाचा उपाय तात्पुरताच. रस्त्याकडेला सुईनं रबरी पट्टी घालून पंक्चर काढता येतं. टायर उतरवून आतून पॅच लावलेला मात्र जास्त भरवशाचा.

गाडी घेताना शोरूममध्ये डिकीचं झाकण उचलून खाली स्टेपनी आहे की किट, हे विचारावं. काही मॉडेलना स्टेपनी वेगळे पैसे देऊन मिळते, पण खाली खड्डा नसेल तर ती सामानातच ठेवावी लागते आणि पट्ट्यानं बांधावी लागते. किटच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. साधारण चार-पाच वर्षांनी नवी घ्यावी लागते. विजेवरची गाडी बंद पडली, तर मागची-पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढून नेण्याऐवजी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. कारण मोटरला जोडलेली चाकं फिरत राहिली, तर यंत्रणेला इजा होऊ शकते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. शिर्डीहून नागपूरकडे निघताना समृद्धीच्या फलकांवरचा हेल्पलाइन क्रमांक मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवावा. तो रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे नाही, राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे.