‘फरक नाही’ म्हणजे याद्या जुळल्या असे नव्हे

ज्या ॲरेच्या प्रत्येक घरात पुन्हा एक ॲरे असतो, तो नेस्टेड ॲरे. धान खरेदीची यादी प्रोग्रॅममध्ये साधारण याच रूपात येते. प्रत्येक ओळीत तालुका, गाव, गट क्रमांक, हिस्सा आणि हे.आर.मधले क्षेत्र असते. गोंदिया जिल्ह्यात आधारभूत किमतीने धान घेण्याचे काम प्रामुख्याने मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्याकडे असते. समजा, नोंदणीची एक यादी आहे आणि खरेदीची दुसरी. दोन्ही ताडून जुळलेल्या ओळींवर खूण करायची आहे.

इथे एक समज हमखास ऐकू येतो: ‘पीएचपीत ॲरे_इंटरसेक्ट जुळलेल्या ओळी देतो, ॲरे_डिफ न जुळलेल्या देतो, मग वेगळे काही लिहायचे कशाला?’ हा समज साफ चुकीचा आहे. शिवाय तो धोकादायक आहे, कारण प्रोग्रॅम बंद पडत नाही, निमूटपणे खोटे उत्तर देतो. ही दोन्ही फंक्शन्स प्रत्येक घटकाचे आधी अक्षरमालेत रूपांतर करतात आणि मग तुलना करतात, असे पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्येच लिहिले आहे. ॲरेचे अक्षरमालेत रूपांतर केले की आत काहीही असो, ‘ॲरे’ हा एकच शब्द हाती येतो. एका यादीत नवेगावबांधची एक ओळ आणि दुसऱ्या यादीत दरेकसाची एक ओळ ठेवून ॲरे_डिफ चालवला, तर उत्तर रिकामे येते. एक गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, दुसरे सालेकसा तालुक्यातले, तरी फरक शून्य! पीएचपी ५.४ पासून अशा रूपांतरावर सूचना येते आणि ८.० पासून तिचा दर्जा इशाऱ्याचा झाला आहे. पण इशारे बंद ठेवून काम करणाऱ्यांना ती दिसणार कशी?

यावर ॲरे_यूइंटरसेक्टला स्वतःचे तुलना-फंक्शन देता येते. त्यातही लोक खरे-खोटे एवढेच परत करतात. ते चालत नाही. ॲरे_यूइंटरसेक्ट आतल्या आत क्रम लावतो, म्हणून त्याला लहान, समान आणि मोठे अशी तीन उत्तरे लागतात.

सरळ मार्ग किल्लीचा. खरेदीच्या प्रत्येक ओळीतून गावाचा कोड, गट आणि हिस्सा जोडून एक किल्ली बनवायची आणि त्या किल्ल्यांचा ॲरे तयार ठेवायचा. मग नोंदणीची यादी एकदाच फिरवून किल्ली सापडेल तिथे खूण करायची. लूपमध्ये लूप घालावा लागत नाही, त्यामुळे यादी मोठी झाली तरी वेळ आटोक्यात राहतो. मात्र जोडताना मध्ये खूणचिन्ह हवेच. गट ११ हिस्सा २ आणि गट १ हिस्सा १२ नुसते चिकटवले तर दोन्ही ११२ होतात, आणि एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर जुळते. सातबाऱ्यावरची तिरकी रेघ तशीच ठेवली की ११/२ आणि १/१२ वेगळे राहतात.

‘किल्लीत गावाचे नाव पुरते’ हाही गैरसमजच. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून असलेल्या या जिल्ह्यात मराठीतले ‘आमगाव’ हिंदीत ‘आमगांव’ होते. ‘तिरोडा’ आणि ‘तिरोरा’ दोन्ही चालतात. नुसते ‘अर्जुनी’ लिहिले तर सडक अर्जुनी की अर्जुनी मोरगाव, हे कळायला मार्ग नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर जिल्ह्याचे नावही एकसारखे नाही: २०११च्या जनगणनेत ‘गोंदिया’च्या शेवटी ‘वाय-ए’ आहे, एरवी ‘आय-ए’. माणसाला ही नावे एकच दिसतात, संगणकाला दिसत नाहीत. ‘ऱ’सुद्धा दोन प्रकारे साठवला जातो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा र आणि नुक्ता अशा जोडीने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून सरकारी कोड वापरणे बरे, आणि नावे वापरावीच लागली तर आधी युनिकोडचे एकच रूप करून घ्यावे.

‘कोड म्हणजे आकडाच.’ नाही, कोड अक्षरमालाच ठेवावा. २०११च्या जनगणनेतले महाराष्ट्राच्या तालुक्यांचे कोड शून्याने सुरू होतात आणि एक्सेल ते पहिले शून्य खाऊन टाकते.

‘तीन बरोबरची चिन्हे (===) म्हणजे नेहमीच सुरक्षित.’ क्षेत्र एका यादीत ‘०.४०’ आणि दुसरीत ‘०.४’ असे अक्षररूपात असेल तर === नाही म्हणते, == हो म्हणते. क्षेत्र ताडताना ते आधी आर या पूर्णांकात आणावे, म्हणजे दोन्हीकडे ४० येतात.

‘जावास्क्रिप्टमध्ये === ॲरेतला मजकूर ताडते.’ ताडत नाही. मजकूर सारखा असला तरी दोन वेगळे ॲरे तिथे असमानच ठरतात.

‘लूपमध्ये खूण केली म्हणजे यादीत झाली.’ पीएचपीचा फोरईच प्रत्येक ओळीची प्रत देतो. खूण मूळ यादीत हवी असेल तर ओळीचा क्रमांक वापरून लिहावे, किंवा ओळ संदर्भाने घ्यावी आणि लूप संपताच तो संदर्भ अनसेट करावा. नाहीतर त्याच नावाच्या पुढच्या लूपमध्ये शेवटची ओळ बिघडते.

‘जुळले की विषय संपला.’ एकाच गटाची खरेदी दोनदा नोंदली गेली असेल, तर हो-नाहीच्या खुणेत ते दिसत नाही. त्यासाठी खुणेच्या जागी किती वेळा जुळले तो आकडा ठेवावा. शून्य म्हणजे खरेदी झालेली नाही, आणि दोन किंवा जास्त आले तर ती ओळ माणसाने उघडून पाहावी.