गंज फक्त लोखंडालाच चढत नाही

ऑक्सिडेशन म्हटलं की आपल्याला गंजलेला खिळा आठवतो. पण असलं काही आपल्या शरीरातही चालतं. चितेगावच्या माझ्या मामांना बारा वर्षांपासून सोरायसिस आहे, म्हणून मी हा विषय वाचायला घेतला. (मी कॉन्व्हेंटची, तेव्हा जिथे मराठी शब्द सुचला नाही तिथे इंग्रजीच ठेवलाय. सांभाळून घ्या!)

त्वचेची नवी पेशी तळातून वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. शरीराच्या संरक्षक पेशी, विशेषतः टी-सेल्स, विनाकारण "प्रॉडक्शन वाढवा" असा सिग्नल देत राहतात. मग कच्चाच माल लाईनवरून बाहेर पडतो आणि साचतो. तेच ते लाल चट्टे आणि चंदेरी पापुद्रे.

यात ऑक्सिजन कुठे आला? भडकलेल्या पेशी सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जहाल रसायनं सोडतात. ती विझवायला कॅटालेज, ग्लुटाथायोन वगैरे फायर ब्रिगेड शरीरात असते. आग जास्त आणि पाणी कमी पडलं, की झाला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. अशा रुग्णांच्या रक्तात मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे ऑक्सिडेशनने खराब झालेल्या चरबीचा अवशेष, जास्त असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलंय. या ताणाने दाह वाढतो आणि दाहाने ताण. सिगारेट आणि दारू या आगीत तेल ओततात.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खाल्ल्या की झालं? इतकं सोपं नाही. युरोपात २०१७ साली सोरायसिससाठी मान्यता मिळालेलं डायमिथाइल फ्युमरेट पेशीची स्वतःची बचावयंत्रणा जागी करतं. उलट अल्ट्राव्हायोलेट उपचारात ऑक्सिडेशन वाढतं, तरी चट्टे कमी होतात, कारण त्वचेतल्या भडकलेल्या टी-सेल्स त्यात मरतात!

मामा मेथोट्रेक्सेट घेतात. या औषधाच्या जन्मामागे येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाची अमेरिकेतली टीम होती. ते टी-सेल्सना शांत करतं, पण लिव्हरवर ताण आणू शकतं. म्हणून वेळोवेळी रक्त तपासायचं आणि दारू बंद. सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मामींनी कॅलेंडरवर गुरुवारांना लाल गोल केलेत ते यासाठीच.

त्याआधी कुणीतरी मामांना बिननावाची पुडी दिली होती. आठ दिवसांत अंग साफ! पुडी थांबली आणि चट्टे अंगभर पसरले. त्यात स्टिरॉइड असणार, असं डॉक्टर म्हणाले. पोटातलं स्टिरॉइड अचानक थांबलं की सोरायसिस असाच उसळतो. तेव्हा "मुळापासून बरा करतो" म्हणणाऱ्यापासून सावध राहा आणि सरळ घाटीत स्किनच्या ओपीडीला जा. आजार पूर्ण जात नाही, पण ताब्यात राहतो.

शेवटचं, खास हॉस्टेलसाठी. सोरायसिस संसर्गजन्य नाही. बादलीतून, टॉवेलमधून, ताटातून तो पसरत नाही. गावचा न्हावी मामांचे केस कापायला का-कू करतो, ते एकवेळ समजू शकतं. पण आपण तर इंजिनिअर होणार ना? मग मेसमध्ये अशा मित्राच्या शेजारची खुर्ची रिकामी राहता कामा नये.