विषाणूच निसटताना वाट दाखवतो तेव्हा

एचआयव्हीवरची लस रखडण्याचं मुख्य कारण म्हणजे त्याची बहुरूपता. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो आणि त्या दुरुस्तही करत नाही. त्यामुळे एकाच बाधिताच्या रक्तात त्याची असंख्य रूपं नांदतात. शिवाय अमेरिका-युरोपात 'बी' उपप्रकाराचा जोर, तर भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत 'सी'चा. त्यातच त्याच्या पृष्ठभागावरचं प्रथिन शर्करेच्या दाट आवरणाखाली दडलेलं असतं. ही शर्करा आपल्याच पेशींनी चढवलेली असल्याने प्रतिकारशक्तीला ती सहसा परकी वाटत नाही.

तरीही काही बाधितांच्या शरीरात, संसर्गानंतर दोन-तीन वर्षांनी, अनेक उपप्रकारांना निष्प्रभ करणारे प्रतिपिंड तयार होतात. ते कसे घडतात, याचा एक धागा २०१२मध्ये हाती लागला, तो दक्षिण आफ्रिकेतल्या दोन बाधितांच्या रक्तनमुन्यांतून. त्यांना संसर्ग झाला त्या मूळ विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनात ३३२ क्रमांकाच्या जागी शर्करा नव्हती, ती ३३४वर होती. सुरुवातीच्या प्रतिपिंडांना चुकवण्यासाठी विषाणूने सहा महिन्यांच्या आत ती ३३२वर आणली. आणि नेमकी हीच जागा पुढे व्यापक प्रतिपिंडांचं लक्ष्य ठरली!

म्हणजे असे प्रतिपिंड एका झटक्यात बनत नाहीत. बदलत्या विषाणूशी झुंजत शरीरातल्या प्रतिकारशक्तीच्या बी पेशी ते टप्प्याटप्प्याने घडवतात. लशीनेही आता या पेशींना तसंच, इयत्तेमागून इयत्ता शिकवायला हवं. 'आयएव्हीआय जी००१' ही लशीची चाचणी म्हणजे त्यातली पहिली इयत्ता. योग्य पूर्वज बी पेशींना जागं करणं एवढंच तिचं काम होतं, आणि लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत ते साधलं. २०२२मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. पुढच्या मात्रांनी याच पेशींना परिपक्व प्रतिपिंडांपर्यंत न्यायचं, हे खरं अवघड काम अजून बाकी आहे.

याआधीच्या प्रयत्नांत अपयशही आलं आहे. भारतातली एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी २००५मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. ती लस 'सी'वरच बेतलेली होती, पण प्रतिसाद तोकडा पडला. २०२०मध्ये दक्षिण आफ्रिकेतली मोठी चाचणीही लस निष्प्रभ ठरल्याने थांबवावी लागली. या अपयशांमुळे हात आखडता घेणं परवडणारं नाही. जगातले जवळपास निम्मे बाधित 'सी'चे आहेत. त्यामुळे नव्या लशींची कसोटी 'सी' जिथे पसरलाय तिथेच लागायला हवी, आणि त्या कामात भारताचा वाटा मोठा असायला हवा.