पडद्यावरच्या गणिताची मालकी

१९८० साली अमेरिकेत पडद्यावर कर्सर हलवण्याच्या युक्तीवर पेटंट दिलं गेलं; कॅडट्रॅक कंपनीचं पेटंट म्हणून ते ओळखलं जातं. 'एक्सऑर' क्रिया एकदा केली की कर्सर दिसतो, पुन्हा केली की खालचं चित्र जसंच्या तसं परत येतं. बुलियन बीजगणिताच्या पहिल्या धड्यातला हा गुणधर्म, आणि त्यावर कंपन्यांकडून परवानाशुल्क वसूल झालं.

मग डीव्हीडी आली आणि व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाकडे गेलं. आमच्या उमरीत लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणाऱ्या पोरांनाही कळत होतं, की मशीन अडखळतंय तर भार कार्डावर टाकावा. त्या कामाच्या मुळाशी असलेलं डीसीटीचं (डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म) गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव यांच्यासह १९७४ सालीच शोधनिबंधातून जगापुढे ठेवलं होतं. तेच गणित चिपवर चढवलं की नवा शोध झाला, असं आपल्याकडचे काही पेटंट-पंडित वर्षानुवर्षं सांगत आले. मला ते कधीच पटलं नाही.

या पंडितांना मी नेहमी मिर्झापूरच्या भांड्यांचा खटला वाचायला सांगतो. बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर १९७८. भांडं लेथवर पकडून कातायची एक पद्धत, तिच्यावर पेटंट. न्यायालयाने लेथ, टेलस्टॉक, आधीची रीत, सगळं बारकाईने पाहिलं आणि पेटंट रद्द ठरवलं. ही कारखान्यातली किरकोळ सुधारणा आहे, त्या धंद्यातल्या जाणत्या कारागिराला ती सहज सुचली असती, असा त्या निकालाचा आशय. कसोटीला पंडित नव्हे, कारागीर उभा केला! अमेरिकेच्या न्यायालयाने २००७ साली गाडीच्या पेडलच्या खटल्यात साधारण हाच सूर लावला. आपण तो एकोणतीस वर्षं आधी लावला होता, हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो.

गणिताच्या पद्धती आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाकारणारं भारतीय पेटंट कायद्यातलं कलम म्हणजे ३(के). त्याचा इतिहास थोडक्यात: २००४च्या अध्यादेशात हार्डवेअरशी जोडलेल्या प्रोग्रॅमला मोकळीक दिली, संसदेने २००५ साली ती काढली. फेब्रुवारी २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नवं हार्डवेअर हवं म्हटलं, जून २०१७मध्ये ती अट गेली.

आज अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या भिंतींवर पेटंटच्या चौकटी लागतात. जवळ जाऊन वाचलं तर बहुतेक ठिकाणी नुसता अर्ज प्रसिद्ध झालेला असतो. तपासणी व्हायचीच असते. विद्यार्थ्यांना अर्ज भरायला शिकवतात, दुसऱ्याच्या अर्जाला हरकत घ्यायला कुणी शिकवत नाही. वास्तविक त्याच कायद्याच्या कलम २५(१) प्रमाणे पेटंट मंजूर होण्याआधी कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते, उमरीचा मिक्सिंगवालासुद्धा. त्याला पैसाही पडत नव्हता. २०२४च्या नियमांनी त्यावर शुल्क बसवलं, विरोध दाखल करून घ्यावा की नाही हे आधी ठरवायची पायरी घातली, आणि आमच्या भागातल्या एकाही अभियांत्रिकी शिक्षकाने त्याबद्दल तक्रार केल्याचं माझ्या कानावर आलं नाही.