उघड्या टॅबांचा पसारा

आमच्या कोयनानगरात पावसाळा लागला की दोन चौकशा हमखास होतात. धरणात पाणी किती आले आणि वीज केव्हा येणार. ज्या नदीवर १९६० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे, तिच्या काठावर ही दुसरी चौकशी ऐकून पाहुण्यांना हसू येते. संगणकावर बसलेल्या माणसाला मात्र त्या क्षणी हसू येत नाही. त्याच्या पडद्यावर तीस-चाळीस टॅब उघडे असतात आणि कोणते काम कुठवर आले, हे त्या टॅबांखेरीज कुठेच लिहिलेले नसते.

सायबर कॅफेच्या दिवसांत प्रत्येक पानासाठी वेगळी खिडकी उघडायची आणि पडद्याच्या तळाशी त्यांची दाटी व्हायची. एकाच खिडकीत अनेक पाने ठेवण्याची सोय १९९७ च्या नेटकॅप्टरसारख्या ब्राउझरांनी दिली. २००४ साली फायरफॉक्स आला आणि ती सर्वसामान्यांपर्यंत पोचली. इंटरनेट एक्सप्लोररने ती २००६ मध्ये उचलली. २००८ मध्ये आलेल्या क्रोमने टॅब एकमेकांपासून वेगळे चालवायला सुरुवात केली. एक पान अडकले तरी बाकीची चालू राहतात, हा त्याचा फायदा. मोबदल्यात संगणकाची तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, जास्त खर्च होते. जुना संगणक टॅब वाढले की धापा टाकतो तो यामुळे.

मग माणूस टॅब बंद का करत नाही? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली याच प्रश्नाचा अभ्यास मांडला. पान नजरेआड झाले की ते कायमचे गेले, ही भीती लोकांनी बोलून दाखवली होती. मला हे पटते. टॅब ही पुढे ढकललेल्या कामाची खूण असते. ती पुसली की कामही विसरेल, असे वाटते.

कविता लिहिणाऱ्याला तर हा रोजचाच अनुभव. एका शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश उघडावा, शेजारी उर्दूचा कोश, मग मराठी विश्वकोश. आपल्याच जिल्ह्यात वाईला घडलेल्या या विश्वकोशात नोंदीच्या शेवटी 'पहा' असे म्हणून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेले असते. छापील खंड चाळताना एका पानात बोट अडकवून दुसरे पान उघडायचे. बोटे दहाच, म्हणून पसाऱ्याला आपोआप मर्यादा होती. टॅबांना ती नाही. पण कवीचे काय, त्याचा शब्द आज नाही तर उद्या सापडेल.

खरा प्रश्न आहे तो कागदपत्रांच्या कामाचा. कोयना धरणासाठी उठलेली गावे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. आज त्या घरातला नातू सेवा केंद्रात येतो, तेव्हा एका घराचे कागद दोन-तीन जिल्ह्यांत असू शकतात. सातबारा पाहायचा तर जिल्हा, तालुका, गाव असे निवडत जावे लागते. तीन ठिकाणचे तीन टॅब उघडले, तर तिन्हींच्या माथ्यावर बहुधा संकेतस्थळाचे एकच नाव. टॅब वाढले की तेही आकसते आणि नुसते चिन्ह उरते. त्यातच एका टॅबमध्ये फक्त माहितीसाठीचा सातबारा, दुसऱ्यात डिजिटल स्वाक्षरीचा. छापताना अदलाबदल झाली की पाटणहून हात हलवत परत. एका माणसाचा रोजगार बुडाला, एसटीचे भाडे गेले, ते वेगळेच.

केंद्र चालवणाऱ्या एका मुलाला मी त्याची युक्ती विचारली. तो म्हणाला, "चाचा, एका घराला एक खिडकी. दुसऱ्या घराचा कागद तिच्यात शिरू द्यायचा न्हाई." गटांची जी सोय क्रोमने २०२० मध्ये आणली, तिचे सार त्याच्या या वाक्यात आले. टॅबवर उजवी कळ दाबून त्याला गटात टाकता येते, गटाला नाव आणि रंग देता येतो, काम नसेल तेव्हा गट मिटून ठेवता येतो. मी म्हणेन, गटाला विषयाचे नाव देऊ नये, कामाचे द्यावे. 'शेती' या गटाला अंत नाही. 'बारशिंगच्या पत्र्याचे माप' असे नाव दिले की तो गट आठवड्यात बंद होतो.

मात्र खिडकी वेगळी केली म्हणजे सगळे वेगळे झाले, असे नाही. बऱ्याच संकेतस्थळांची लॉगिनची नोंद ब्राउझर सगळ्या टॅबांसाठी एकच ठेवतो. एका टॅबमध्ये एका विद्यार्थिनीचे खाते उघडले आणि शेजारच्या टॅबमध्ये त्याच संकेतस्थळावर दुसरीचे, तर पहिला टॅबही दुसरीच्या खात्यावर जाऊ शकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज असा चुकीच्या खात्यात गेला तर एका मुलीचे वर्ष अडते. यावर उपाय ब्राउझरमधली वेगळी प्रोफाइल. प्रत्येक प्रोफाइलचे लॉगिन स्वतंत्र असते.

आता वीज गेल्याचे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मागच्या वेळी जिथे थांबलो तिथून सुरू करण्याचा पर्याय असतो, तो निवडून ठेवावा. चुकून मिटलेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्या की परत येतो. उघडे सगळे टॅब एकदम बुकमार्क करायचे तर कंट्रोल, शिफ्ट आणि डी. पण परत येतो तो पत्ता. अर्ध्या भरलेल्या अर्जातली अक्षरे परत येतीलच, असा भरवसा धरू नये. लांबलचक मजकूर आधी वेगळ्या फाइलीत लिहावा, मग अर्जात चिकटवावा. अर्जाचा क्रमांक मिळाला की तो वहीत उतरवावा आणि टॅब तिथेच मिटावा.

सार्वजनिक संगणकावर हीच सोय उलटू शकते. वीज आल्यावर परत उघडणाऱ्या टॅबांत आधीच्या गिऱ्हाइकाचे बँकेचे किंवा आधारचे पान असू शकते. म्हणून केंद्रातून उठताना टॅब नुसता मिटू नये, लॉगआउट करूनच खुर्ची सोडावी.