मधुमेह हा श्रीमंतांचा रोग नव्हे!

७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजीबाबांनी आपल्या भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले. दरवर्षी आम्ही तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. पण त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिन येतो. तो मात्र आमच्या ध्यानीही नसतो. वास्तविक घटनेचा मसुदा सिद्ध करताना बाबासाहेबांना मधुमेहाने घेरले होते. पायाच्या नसा ठणकत, झोप येत नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. १९५४ मध्ये ते कित्येक महिने अंथरुणाला खिळले. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा वय होते ६५ आणि धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. या रोगाने समाजाचे काय नुकसान होते, ते आम्हाला वेगळे सांगायला हवे काय?

तरीही आमच्या वस्त्यांत आजही ऐकू येते, "साखर व्हायची ती बागायतदाराला, आपल्यासारख्या राबणाऱ्याला कुठली?" ही समजूत जीवघेणी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची तुलना इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याशी मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के! आपला माणूस हातापायाने काटकुळा दिसला तरी चरबी पोटात साठते. पुणे परिसरातील खेड्यांत त्यांनी केलेल्या अभ्यासात दिसले, की अर्धपोटी आईचे मूल कमी वजनाचे जन्मते, पण चरबी तेवढी राखून येते.

मग आमच्या आयाबायांना पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी कोणी ठेवले? १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, जत, आटपाडीत खडी फोडणाऱ्या मायमाउल्यांची लेकरे आज पन्नाशीत आहेत. गावकुसाबाहेरची उपासमार आता रक्तातल्या साखरेच्या रूपाने वसूल होते आहे.

लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयरोग ही एकाच साखळीची कडी आहेत. पोटातल्या चरबीमुळे शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, साखर चढते. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल मिळून रक्तवाहिन्या खराब करतात आणि घाव शेवटी काळजावर बसतो. म्हणून नुसती साखर पाहून भागत नाही. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत हवी. रक्तदाबही तपासलाच पाहिजे. तंबाखू, मिश्री बंद. रोज अर्धा तास झपाझप चालावे; जादा वजनापैकी पाच-सात किलो उतरले तरी मोठा फरक पडतो. साखर उतरली म्हणून गोळी परस्पर सोडू नये. आणि मधुमेह्याला छातीत कळ न येताही झटका येतो! घाम फुटला, धाप लागली, तर गॅस समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

कोसलचा राजा प्रसेनजित भरपेट जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला मात्रेने जेवायला शिकवले. आमच्या जयंतीच्या पंगतींनी आणि दिवसाकाठी रिचवल्या जाणाऱ्या दहा कप गोड चहाने हा धडा घ्यावा. पण प्रसेनजिताचा दोष त्याच्या ताटात होता. आमचा अर्धा दोष व्यवस्थेत आहे. घटनेच्या ४७ व्या कलमाने पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. तिशीवरील प्रत्येकाची साखर व रक्तदाब तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे. "औषध संपले" असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका.

कराड-मिरजेच्या शोकसभांत "ऐन उमेदीत गेला" हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले. यंदा ७ ते १४ नोव्हेंबर हा आठवडा सातारा-सांगलीच्या प्रत्येक विहाराने तपासणीचा आठवडा करावा. वंदनेनंतर आरोग्यसेविकेला बोलवा, टेप आणा, कंबर मोजा. संघर्ष करायचा तर कार्यकर्ता आधी जगला पाहिजे.

जय भीम!