अडतं ते कंसापाशी

दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून कला शाखेत आलेली, मानसशास्त्र मनापासून आवडणारी कितीतरी मुलं संख्याशास्त्राचा पेपर आला की हबकतात. फळ्यावर बेरजेचा सिग्मा (Σ) उमटला की "मला गणित जमतच नाही" हे ठरलेलं. या मुलांना सगळं गणित पहिल्यापासून शिकवायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. नेमकं कुठे अडतं तेवढं शोधावं.

4, 6, 7, 8, 10 हे पाच गुण घ्या. सरासरी 7. प्रत्येक गुणातून सरासरी वजा केली की उणे 3, उणे 1, 0, 1, 3. यांची बेरीज शून्यच येणार, म्हणून वर्ग करायचे: 9, 1, 0, 1, 9. बेरीज 20, भागिले पाच 4, त्याचं वर्गमूळ 2. झालं प्रमाण विचलन! (नमुन्यासाठी चाराने भागतात, ते पुढच्या तासाला.) यात सिग्मा कुणालाच अडवत नाही. पण उणे 3 चा वर्ग कंस न घालता दाबला, तर बरेच कॅल्क्युलेटर उणे 9 दाखवतात. शिवाय आधी वर्ग आणि मग बेरीज केली तर याच गुणांचे 265 होतात, आधी बेरीज आणि मग वर्ग केला तर 1225. सूत्रात दोघांत फरक फक्त कंसाचा. म्हणजे घोडं अडतं ते शाळेतल्या 'कंचेभागुबेव'पाशी आणि ऋण संख्यांपाशी. सूत्र शिकवायच्या आधी तेवढीच उजळणी घ्यावी.

उजळणीच्या जोडीला गणिताच्या धास्तीचाही विचार हवा, कारण तिचा परिणाम खरा असतो. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये विद्यार्थ्यांना बेरजा करता करता काही अक्षरं लक्षात ठेवायला लावली. हातच्याची बेरीज आणि जास्त अक्षरं एकत्र आली, की गणिताला घाबरणारे सर्वाधिक चुकत. आकडे धरून ठेवायची डोक्यातली जागा काळजीच अडवून बसते. म्हणून अशा मुलांना फळ्यापाशी उभं करून तोंडी उत्तर मागू नये. कागदावर रकाने आखू द्यावेत: गुण, फरक, फरकाचा वर्ग. एका वेळी एकच रकाना भरायचा, मनात काही धरून ठेवायचं नाही.

आणि आकडेमोडीआधी अंदाज विचारावा. सरासरीपासूनचा सर्वांत मोठा फरक 3 असेल, तर पाचाने भागून काढलेलं विचलन 3 च्या वर जाईल का? हे एकदा उमगलं, की उत्तर 12 आलं तरी मुलगी सरांकडे वही नेण्याआधी आपणच आपले रकाने पुन्हा तपासते.